बँकेच्या ई-लिलावात पहिली बोली लावताना

माझा पहिला ई-लिलाव बोली न लावताच संपला. कर्ज थकल्यामुळं बँकेनं विकायला काढलेलं नांदेडातलं छोटं घर होतं. अनामत शेवटच्या तारखेला दुपारी तीनला एनईएफटीनं पाठवली आणि पैसे बँकेच्या खात्यात पोचलेही. पण पोर्टलवर ती रक्कम माझ्या नावापुढं जोडलीच गेली नाही. दुसऱ्या दिवशी अकराला लॉगिन केलं तर बोलीचा रकाना उघडेना. बँकेतल्या साहेबांचा फोन लागेपर्यंत साडेअकरा झाले आणि घर तिसऱ्याच माणसाला गेलं. माझे पैसे नऊ दिवसांनी परत आले, तेही तीन चकरा मारल्यावर.

दुसऱ्या लिलावात उलटं झालं. बोली इतकी लावली की ठरवलेल्या आकड्याच्या 1 लाख 40 हजार पुढं निघून गेलो. समोरच्यानं आणखी एक बोली टाकली म्हणून वाचलो. तिसऱ्या खेपेला लातूरला गाळा मिळाला. या तीन लिलावांत जे ठेचा खाऊन कळलं ते इथं क्रमानं मांडतो. बहुतेक मजकूर घर, गाळा, प्लॉट अशा मालमत्तेचा आहे. ट्रॅक्टर-जीपवाल्यांसाठी मध्येच एक तुकडा आहे.

1. लिलाव कोणत्या कायद्याखाली आहे ते आधी बघा

नोटिशीच्या पहिल्या दोन ओळींतच हे लिहिलेलं असतं. बँका आणि मोठ्या फायनान्स कंपन्या थकीत कर्जाची तारण मालमत्ता 2002 च्या सरफेसी कायद्याखाली विकतात. पतसंस्थांचा लिलाव बहुधा 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातून, नियम 107 खाली वसुली अधिकारी करतो. त्याच्या मुदती आणि पद्धत वेगळी, आणि तो बऱ्याचदा जागेवर तोंडीच होतो. खाली जे सांगतोय ते सरफेसीचं आहे. पतसंस्थेच्या लिलावाला जाताना हेच नियम डोक्यात ठेवून जाऊ नका.

सरकारी बँकांच्या मालमत्ता एका जागी बघायच्या तर बँकनेट हे पोर्टल आहे, जानेवारी 2025 पासून नव्या रूपात सुरू झालेलं. जिल्हा टाकला की यादी येते. खासगी आणि सहकारी बँकांच्या नोटिशी मात्र अजूनही वर्तमानपत्रात बारीक टाइपात सापडतात. आमच्याकडं चहाच्या हॉटेलात पेपरची ती पानं सगळ्यात शेवटी उघडली जातात. तुम्ही पहिली उघडा.

शेतजमीन या वाटेनं मिळेल अशी आशा धरू नका. सरफेसीच्या कलम 31 मधून शेतजमीन वगळलेली आहे. शिवाय मराठवाड्यात 1950 चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम लागू आहे, त्यामुळं बिगरशेतकऱ्याला शेती घेताना परवानगीचा प्रश्न येतोच.

2. नोटीस पेन्सिल घेऊन वाचा

या गोष्टी अधोरेखित करा:

- राखीव किंमत. हिच्याखाली विक्री होत नाही.
- अनामत, म्हणजे नोटिशीतली ईएमडी. साधारण राखीव किमतीच्या 10 टक्के. तारखेसोबत वेळही बघा.
- बोलीची पायरी, म्हणजे दर बोलीत किमान किती वाढवायचं.
- मुदतवाढ, म्हणजे शेवटच्या मिनिटांत बोली पडली की वाढणारी वेळ. बहुतेक ठिकाणी 5 मिनिटांची, कितीही वेळा.
- जागा दाखवायची तारीख आणि प्राधिकृत अधिकाऱ्याचा नंबर.
- ताबा सांकेतिक की प्रत्यक्ष.

शेवटचा शब्द सगळ्यात महागाचा. सांकेतिक ताबा म्हणजे बँकेनं दारावर नोटीस चिकटवली आहे, आत मात्र कर्जदार किंवा त्याचा भाडेकरू बसलेला आहे. त्याला बाहेर काढायला कलम 14 खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्यात किती महिने जातील ते कोणी सांगत नाही. नवख्या माणसानं पहिल्या खेपेला प्रत्यक्ष ताब्यातलीच मालमत्ता बघावी, भले चार पैसे जास्त जावोत. यावर माझ्याशी वाद घालणारे बरेच आहेत. त्यांच्यातल्या एकाचं घर दीड वर्ष झालं तरी कुलपाआड आहे.

नोटिशीत ‘जसे आहे जेथे आहे’ हे वाक्य असतंच. थकीत घरपट्टी निघाली, भिंतीला तडा निघाला, मोजणीत दोन फूट कमी भरलं तर बँकेकडं बोट दाखवता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

3. जागेवर जा, दोन वेळा

एकदा बँकेनं ठरवून दिलेल्या दिवशी, साहेबांसोबत. तेव्हा शटर उघडून आतलं दाखवतात. टेप घेऊन जा, वीजमीटरचा ग्राहक क्रमांक लिहून घ्या, फोटो काढा. दुसऱ्यांदा एकटे जा, संध्याकाळी. शेजारच्या टपरीवर चहा घ्या आणि गप्प बसा. माणसं आपणहून बोलतात. लातूरच्या गाळ्याचा मागचा जिना दोन भावांत वादाचा आहे हे मला टपरीवाल्या मावशींकडून कळलं. कोणत्याही कागदात ते नव्हतं. पावसाळ्यात गाळ्यात पाणी शिरतं का, तेही तिथंच विचारा.

याच फेरीत एखादा मध्यस्थ भेटेल. “साहेबाशी आपलं बोलणं आहे, राखीव किमतीतच काढून देतो,” असं म्हणेल. लिलाव पोर्टलवर सगळ्यांसमोर होतो, तिथं त्याचं काही चालत नाही. एखादा असंही म्हणेल, “तुम्ही बोलूच नका, बसल्या जागी वीस हजार घ्या.” चहाचे पैसे देऊन निघा. आणि अनामत कुणाच्याही खासगी यूपीआयवर टाकू नका. नोटिशीत छापलेलं खातं किंवा पोर्टलचं वॉलेट, या दोनच जागा.

ट्रॅक्टर किंवा जीप बघायला यार्डात जाल तेव्हा चासी आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा. बॅटरी, जॅक, स्टेपनी बहुधा गायब असतात, ते खर्चात धरा. गाडी सुरू करून दाखवत नसतील तर ती सुरू होत नाही असंच समजा. एमएच 24 ची गाडी लातूरची आणि तुम्ही एमएच 23 वाले बीडचे असाल, तर नाव चढवायला किती चकरा आणि फायनान्सवाले कोणते फॉर्म सही करून देणार, हे बोलीआधीच लेखी विचारा. यार्डाचं भाडं कोण भरणार तेही.

4. कागद, आणि आपल्याकडचे खास खड्डे

आयजीआरच्या, म्हणजे नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा काढा. जुन्या वर्षांसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घ्यायला वकील लावा. शहरात मालमत्ता पत्रक, बाहेर सातबारा आणि एनए, म्हणजे बिगरशेतीचा आदेश, गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना 8. त्याच मालमत्तेवर दुसऱ्या बँकेचा बोजा आहे का, ते सरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत शोधता येतं.

आता मराठवाड्याचं. छत्रपती संभाजीनगरच्या आसपासचा प्लॉट असेल तर पहिला प्रश्न गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं पाडलेल्या प्लॉटचा. 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली तो नियमित झालाय का, झाला असेल तर महापालिकेचं प्रमाणपत्र कुठं आहे? प्लॉटिंगवाल्याचा रंगीत नकाशा म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. दुसरं, निजामाच्या काळातली इनाम जमीन. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’, ‘इनाम’, ‘खिदमतमाश’, ‘मदतमाश’ यांतला एक जरी शब्द दिसला, तरी तिथंच थांबा आणि जाणत्या वकिलाला दाखवा. वरचं बांधकाम नवंकोरं असलं तरी खालची जमीन जुन्या अटींना बांधलेली असू शकते.

मग दावा चालू आहे का ते बघा. आपल्या भागातली प्रकरणं छत्रपती संभाजीनगरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत चालतात. कर्जदाराचं नाव टाकून ऑनलाइन शोधता येतं. बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्जदार कलम 17 खाली 45 दिवसांत तिथं जाऊ शकतो. पूर्वी शेवटच्या घटकेला पैसे भरून कर्जदार लिलाव थांबवायचे. 2016 च्या दुरुस्तीनं तो हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच ठेवला आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तसंच ठरवलं. तरी स्थगिती यायची ती येते. लिलावाच्या सकाळी साहेबांना एक फोन कराच.

5. आपला आकडा काढा

राखीव किमतीवरून आकडा काढायचा नसतो. ती बँकेनं तिच्या मूल्यांकनावरून ठेवलेली असते. तुम्ही बाजारभावावरून खाली या. माझ्या गाळ्याचा हिशोब असा होता:

त्याच ओळीतले गाळे 25 लाखांना जात होते. हा भाव तीन ठिकाणी विचारून घेतलेला, एका एजंटच्या तोंडचा नव्हे. त्यातून मुद्रांक आणि नोंदणी 1,45,000 गेले. थकलेली घरपट्टी 38,000, वीजबिल 22,000. शटर, वायरिंग, रंग मिळून 90,000. वकील 15,000. उरले 21,90,000. गाळा हातात येऊन दुकान सुरू व्हायला सहा महिने लागतील असं धरलं, तेवढ्या काळाचं व्याज आणि डोकेदुखी मिळून 1,15,000 काढले. माझा आकडा झाला 20,75,000.

हा आकडा आदल्या रात्री कागदावर लिहा आणि खाली घरातल्या कुणाची तरी सही घ्या. हसू नका. दुसऱ्या लिलावात माझा आकडा फक्त डोक्यात होता. भाचा लॅपटॉपवर बसलेला, मी मागं उभा. आकडा ओलांडला तसा तो म्हणाला, “मामा, आता थांबा.” मी म्हणालो, “पंचवीस हजारानं काय होतंय, टाक.” असं पुन्हा पुन्हा झालं. दर वेळी फक्त पंचवीसच हजार.

आता पायरीचं गणित. राखीव 18 लाख आणि पायरी 25 हजार असली की बोली 18,25,000, 18,50,000 अशाच येणार. तुमचा आकडा या शिडीवर कुठं पडतो ते बघा. माझा 20,75,000 म्हणजे अकरावी पायरी. दोघेच जण उरले आणि एकेक पायरी चढत गेलो, तर अकराव्या पायरीवर मी येणार की समोरचा, हे आधीच ठरलेलं असतं. तो अकरावीवर आला तर मला बारावी, म्हणजे 21 लाख टाकावे लागतील आणि ते माझ्या कागदावर नाहीत. यावर उपाय असा, की मध्येच कधीतरी एकदम दोन पायऱ्या वाढवायच्या, म्हणजे पाळी बदलते. हे एकदाच करायचं. सारखं केलं तर तुम्हीच भाव चढवत बसता.

आणि माणसं पूर्ण आकड्यावर थांबतात. 20 लाख, 25 लाख, 30 लाख. तुमचा हिशोब 20 च्या आसपास येत असेल तर कमाल मर्यादा 20 वर ठेवू नका, हिशोबात बसत असेल तर एक पायरी वर ठेवा.

6. नोंदणी आणि अनामत

हे किमान पाच दिवस आधी उरका. लागतं ते एवढं: पॅन, आधार, रद्द केलेला चेक, पत्त्याचा पुरावा, चालू मोबाइल आणि ईमेल, बँकेचा बोली अर्ज सही करून. फर्मच्या नावानं असेल तर अधिकारपत्र. काही पोर्टलना डिजिटल सहीही लागते, ती हातात यायला एक-दोन दिवस जातात.

कुणाच्या नावानं घ्यायचं ते इथंच ठरवा. विक्री प्रमाणपत्र ज्याच्या नावानं बोली लागली त्याच्याच नावानं निघतं. ‘नंतर बायकोच्या नावावर करू’ म्हणाल तर दुसऱ्यांदा मुद्रांक भरावा लागेल.

अनामत पाठवल्यावर यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेनं दिलेला क्रमांक जपून ठेवा आणि ‘बोलीस पात्र’ असं तुमच्या नावापुढं दिसेपर्यंत पिच्छा सोडू नका. दिसलं की स्क्रीनचा फोटो काढा. माझं नांदेडचं घर इथंच गेलं.

7. लिलावाचा दिवस

साडेदहाला लॉगिन करा. दोन वेगळ्या कंपन्यांचे मोबाइल चार्ज करून जवळ ठेवा. लाइटचा भरवसा धरू नका, लॅपटॉप पूर्ण चार्ज असू द्या. वेळ स्क्रीनवरची बघायची, भिंतीवरची नव्हे.

हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा करताना समोरच्याचा चेहरा तरी दिसतो. इथं फक्त आकडा दिसतो, कधी त्याच्यापुढं एक सांकेतिक नंबर. त्यामुळं समोरचा किती भरलेला आहे ते त्याच्या वेळेवरून ताडायचं. तुमची बोली पडल्यावर दहा सेकंदांत उत्तर येत असेल तर त्याच्याकडं अजून जागा आहे. तेच दोन मिनिटांनी, मग साडेतीन मिनिटांनी यायला लागलं, की तो घरात कुणाला तरी विचारतोय असं समजा.

शेवटच्या सेकंदाला बोली टाकून जिंकायची युक्ती इथं चालत नाही. अखेरच्या मिनिटांत बोली पडली की घड्याळ पुन्हा 5 मिनिटं पुढं जातं. उलट नेट अडखळलं तर तुम्हीच बाहेर. कुणीच बोललेलं नसेल तर मी शेवटची दहा मिनिटं उरली की पहिली बोली टाकतो, त्याआधी टाकत नाही. उगाच लवकर बोलून बघ्यांना जागं कशाला करायचं! मात्र मुदतवाढ मिळायलाही एक बोली लागते, म्हणून अगदी काठावर जाऊ नका. मुदतवाढीत मी दोन मिनिटं उरेपर्यंत थांबतो. एक मिनिटाच्या खाली कधीच जात नाही.

ऑटो बिडची सोय असेल तर नवख्यानं ती जरूर वापरावी. तुमचा कमाल आकडा टाकायचा आणि गरजेपुरत्या पायऱ्या यंत्र चढत राहतं. मामाला थांबवायला भाचा लागत नाही.

बोली मागं घेता येत नाही. एक शून्य जास्त पडलं तर ते तुमचंच. बटण दाबण्याआधी शेजारच्याला आकडा मोठ्यानं वाचायला सांगा, “वीस लाख पंचवीस हजार,” असा शब्दांत. आम्ही तसंच केलं. समोरचा 20 लाखांवर आला होता. आमचे 20,25,000 पडले आणि पाच मिनिटं काहीच हललं नाही. भाचा रिफ्रेश मारत होता, मी त्याचा हात धरला.

हरलात तर चिडून त्याच संध्याकाळी दुसरी नोटीस शोधू नका. आणि कुणीच न घेतलेली मालमत्ता लक्षात ठेवा. पहिल्या विक्रीला 30 दिवसांची नोटीस लागते, फसली तर पुढच्या वेळी 15 दिवसांची पुरते आणि राखीव किंमत बऱ्याचदा उतरलेली असते. माझा गाळाही दुसऱ्या फेरीतलाच.

8. जिंकल्यावर पळापळ

एकूण किमतीच्या 25 टक्के त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरायचे, अनामत त्यात धरून. माझे 5,06,250 होत होते. 1,80,000 आधी गेलेले, उरले 3,26,250. मोबाइल बँकिंगची दिवसाची मर्यादा दोन लाख होती, हे मला त्या दुपारी समजलं. शाखेत धावत जाऊन आरटीजीएस केलं. मर्यादा आधी वाढवून ठेवा.

उरलेले 75 टक्के विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. बँकेनं लेखी मान्य केलं तर मुदत वाढते, पण तीन महिन्यांपलीकडं नाही. नाही भरले तर भरलेली रक्कम जप्त होऊन मालमत्ता पुन्हा लिलावात जाते. पंधरा दिवसांत कर्जप्रकरण होईल असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका, मंजुरीपत्र बोलीआधी हातात पाहिजे. किंमत 50 लाख किंवा वर असेल तर 1 टक्का टीडीएस तुम्हाला कापून भरावा लागतो. त्यासाठी सीएला गाठा.

9. ताबा

पूर्ण पैसे गेल्यावर विक्री प्रमाणपत्र मिळतं. त्यातला गट नंबर, चतुःसीमा, क्षेत्रफळ, तुमच्या नावाची वेलांटी तिथंच टेबलावर तपासा. चूक नंतर दुरुस्त करायला महिने जातात. मग मुद्रांक भरून नोंदणी, आणि त्यावरून महापालिकेत नाव लावायचं.

ताबा घेताना पंचनामा होतो. नवं कुलूप स्वतः घेऊन जा आणि आत जे काही पडलं असेल त्याची यादी साहेबांच्या सहीनं करून घ्या. माझ्या गाळ्यात जुन्या मालकाचा लोखंडी गल्ला आणि लक्ष्मीचा फोटो होता. दोन्ही यादीत लिहिले आणि निरोप पाठवला. त्याचा मुलगा आठ दिवसांनी येऊन फोटो घेऊन गेला, गल्ला ठेवा म्हणाला.

महावितरणचं शेवटी ठेवू नका. जागेवरची जुनी थकबाकी नव्या मालकाकडून मागता येते, आणि ती मिटल्याशिवाय जोडणी देत नाहीत. मी धरलेले 22 हजार व्याजासकट 26,400 निघाले. पावती फाइलला लावली आहे.